वेग २७५, फट २७५

साताऱ्यात स्पोर्ट्स कार बाळगणं हा मुळातच एक हौशी छळ आहे. पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलं की शेजारची दुचाकी विचारते, ‘ॲव्हरेज किती देती?’ यवतेश्वरच्या घाटात मागून एसटी हॉर्न देते. गल्लीतल्या गतिरोधकावर गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवावं लागतं, तेव्हा मागचा रिक्षावाला हळहळतो, ‘जमंना का?’

पण हे सगळं लुटुपुटीचं. मालकाची बदली परदेशात झाली आणि त्यानं ‘गाडी पण नेतो’ असा शब्द काढला, की खरा खेळ सुरू होतो. माणसाला दोन बॅगा आणि एक व्हिसा पुरतो. गाडीला किती कागद लागतात ते मोजायला बसलं, तर ताशी २७५ किलोमीटर पळणारी पोर्शे ७१८ केमन ही मुळात फाइल वाहून नेण्यासाठीच बनवली असावी, असं वाटायला लागतं.

पहिला प्रश्न जहाजाचा नाही, देशाचा. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. दुबईला किंवा सौदीला निघालेल्यांनी इथंच थांबावं. उजव्या स्टिअरिंगची गाडी तिथं नोंदवत नाहीत. अमेरिकेत, तिथल्या नियमांप्रमाणे न बनलेली गाडी २५ वर्षांची झाल्यावरच सुखानं शिरते. तोवर मालकाचंच क्लासिक मॉडेल होतं. सिंगापूरला उलटं दुखणं: तीन वर्षांहून जुनी गाडी नको. ऑस्ट्रेलियाला गाडी चालते, माती चालत नाही. कासच्या पठारावरून आणलेला तांबडा चिखल चाकाच्या कमानीत वाळून बसलेला असतो, त्यात गवताचं बी असतं, आणि तिथला अधिकारी टॉर्च घेऊन नेमका तिथंच बघतो. कासला फुलं बघायला गेल्याची एवढी सविस्तर नोंद बायकोसुद्धा ठेवत नाही.

जर्मनीत उजवं स्टिअरिंग चालतं, पण हेडलाइट चालत नाहीत. आपला लो बीम डावीकडं थोडा वर उचललेला असतो, म्हणजे साइडपट्टीवरचा माणूस, म्हैस, मैलाचा दगड दिसावा. तिकडं वाहतूक उजवीकडून, त्यामुळे तोच उचललेला झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याकडं समोरच्याच्या डोळ्यांत अप्पर मारणं हा संवादाचा प्रकार आहे. तिथं गाडी तपासणीतच नापास होते आणि दोन्ही हेडलाइट बदलावे लागतात. या गाड्यांच्या हेडलाइटचा भाव काढून बघा. एका जोडीत बरी सेकंडहँड ॲक्टिव्हा येते.

म्हणून माझं मत विलायतेला. उजवं स्टिअरिंग, डावीकडून वाहतूक, आणि रहिवास बदलून जाणाऱ्याला कस्टम ड्युटी आणि व्हॅट दोन्हींत पूर्ण माफी. ही माफी नसेल तर साधारण हिशेब असा: वापरलेल्या गाडीची किंमत भाड्यासकट ५० लाख धरली, तर १० टक्के ड्युटी म्हणजे ५ लाख, मग ५५ लाखांवर २० टक्के व्हॅट म्हणजे ११ लाख. एकूण १६ लाख. माफीसाठी तुम्ही किमान १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले हवेत आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली हवी. नोकरीचे पेढे आणि नवी गाडी एकाच दिवशी आणणारे इथं बाद होतात. अर्ज गाडी पाठवण्याआधी करायचा. गाडी बंदरात आणि अर्ज मनात, अशी वेळ आली तर गोदीचं भाडं दिवसावर चढतं.

या माफीला एक अट आहे, आणि ती मला फार आवडते. पुढचे १२ महिने गाडी विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही, उसनीही द्यायची नाही. ‘दोन दिवस दे की, लग्न आहे’ म्हणणाऱ्या भाच्याला नाही म्हणायला सातारकराला आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कारण मिळतं.

आता इकडचे कागद. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा. राहिलेली ई-चलनं भरायची. इथं खंबाटकीतलं विसरलेलं एखादं चलन हमखास उगवतं. मग आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि त्यावर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट. घेतली तेव्हा एक कोटीची गाडी, आणि तिची ओळख पटवायची ती कागद दाबून वर शिसपेन्सिल घासून! लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. आकडे कोरलेली जागा कधी गालिच्याखाली, कधी सीटच्या पुढच्या पत्र्यावर. तिथं टेप चिकटवा, बोट फिरवून बसवा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासा. जोर दिला की टेप फाटते आणि आठाचा तीन होतो. पुढं कस्टमवाला कागद आणि पत्रा यांतलं एकेक अक्षर जुळवतो, त्यामुळे हा तीन फार महाग पडतो.

याच वेळी इंजिन नंबर बघायला आलेला पोरगा पुढचं झाकण उघडतो. आत डिकी. मागचं उघडतो. आतही डिकी. थोडा वेळ विचार करून तो गंभीरपणे विचारतो, ‘साहेब, इंजिन काढून ठेवलंय का?’ केमनचं इंजिन सीटच्या पाठीमागं, मधोमध असतं आणि वरून दिसतच नाही. नंबर बघायचा तर गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघावा लागतो. हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

दोन डिक्या आहेत म्हटल्यावर घरच्यांचा जीव राहत नाही. आत्या कंदी पेढ्यांचे दोन किलोचे बॉक्स पुढच्या डिकीत ठेवणार, आई गोडा मसाला, आणि कुणीतरी बंपरला लिंबू-मिरची बांधणार. सगळं काढा. पेढा म्हणजे दूध, आणि दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून असे न्यायला ब्रिटनमध्ये बंदी आहे. लिंबू-मिरची ताज्या फळभाजीत मोडते, तिला वेगळी कागदपत्रं लागतात. यादीत नसलेली एकही वस्तू गाडीत सापडली की कंटेनर उघडून तपासणी, आणि तिचा खर्च आपल्या माथी. आत्याला ‘पेढे विमानात माझ्याबरोबर येतील’ असं सांगू नका, तेही चालत नाहीत. इथंच खा.

साताऱ्याहून न्हावा-शेवाला गाडी फ्लॅटबेडवर न्यावी. काचेवरचा फास्टॅग आधी बंद करा, निदान काढून फॉइलमध्ये गुंडाळा. नाहीतर आणेवाडीच्या टोलवर ट्रकही पैसे भरतो आणि त्याच्या पाठीवर बसलेली गाडीही.

आणि आता कंटेनर. २० फुटी कंटेनरची आतली रुंदी साधारण २३५२ मिलिमीटर. केमनची रुंदी, आरसे सोडून, १८०१. उरले ५५१. दोन्ही बाजूंना वाटून २७५. वेगही २७५ आणि फटही २७५. गाडी आत नेणाऱ्यानं मग बाहेर कसं यायचं? दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, त्यामुळे तेवढ्या फटीत ते जेमतेम कलतं. आपल्याकडच्या जेवणावर वाढलेला माणूस त्यातून निघत नाही. गाडी डावीकडं चिकटवून उजवीकडं चाळीसेक सेंटिमीटर काढतात, तरी बारीक माणूसच लागतो. नाहीतर खिडकी: आधी काच पूर्ण खाली, मग दोन्ही हात छतावर, बूड काचेच्या कडेवर, आणि शेवटी पाय एकेक करून. पट्ट्याचं बकल आधी काढून ठेवायचं, कारण दाराच्या रंगावर पहिला ओरखडा तेच काढतं.

आत चालवत न नेता विंचनं ओढणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ओढायची कडी टूलकिटमध्ये असते आणि तिचे आटे उलटे असतात. डावीकडं फिरवली की बसते. गोदीतला धट्टाकट्टा गडी ती उजवीकडं फिरवत बसतो आणि ‘फॉल्टी आहे’ म्हणतो.

बॅटरीचा डाव सगळ्यांत बेरकी. गाडी जागेवर बसली, चाकांना पट्टे आवळले, पुढंमागं लाकडी ठोकळे दिले, की बॅटरीची तार सोडायची. बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि झाकण उघडतं विजेवर. तार सोडून झाकण खाडकन लावलं, की किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावल्यासारखं झालं. मग पाय ठेवायच्या जागेतल्या फ्यूजबॉक्समधलं तांबडं टोक ओढून बाहेरून १२ व्होल्ट द्यावे लागतात, तेव्हा झाकण उघडतं. ही गोष्ट तिकडं साउदॅम्प्टन बंदराच्या पावसात समजण्यापेक्षा आधी समजलेली चांगली. झाकण पहिल्या खटक्यावरच ठेवून दोरीनं बांधा. क्रम चुकवायचा नाही: ऑटोमॅटिक गाडी बॅटरी मेल्यावर न्यूट्रलला येत नाही, आणि चार माणसं ढकलत राहतात, ती तिथंच.

बाकी गोष्टी किरकोळ, पण नडणाऱ्या. पेट्रोल पाव टाकीच्या खाली, म्हणजे ५४ लिटरच्या टाकीत १०-१२. पट्टे टायरवरून घ्यायचे. सस्पेन्शनला बांधले तर जहाज महिनाभर डुलत तेच खेचत राहतं. ठोकळ्यांच्या लाकडावर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का हवा, नाहीतर गाडी पास आणि लाकूड नापास. आणि प्रेमापोटी कव्हर घालू नका. धूळ आणि हेलकावे मिळून कव्हरचा पॉलिश पेपर करतात.

विम्याचं एक प्रकरण गावाकडच्या माणसाला चटकन कळतं. जहाज संकटात सापडलं आणि ते वाचवायला खर्च झाला किंवा कुणाचा माल समुद्रात टाकला, तर तो तोटा ज्यांचा माल शाबूत राहिला त्यांच्यातही वाटला जातो. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. थोडक्यात भावकी. विहीर त्याची ढासळली, वर्गणी आपण द्यायची, आणि दिल्याशिवाय कंटेनर सोडत नाहीत. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझमध्ये सहा दिवस आडवं अडकलं, तेव्हा हेच लागू झालं होतं. त्यामुळे विमा घेताना हे त्यात धरलंय का, तेवढं विचारा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली. तसं झालं तर दहा-बारा दिवस वाढवून धरा.

तिकडं उतरल्यावर १४ दिवसांत नोव्हा, म्हणजे गाडी आल्याची करखात्याकडं नोंद, दहा वर्षांच्या आतल्या गाडीला आयव्हीए, म्हणजे ती तिथल्या नियमांत बसते का याची तपासणी, मग नोंदणीचा व्ही-५५/५ फॉर्म आणि ५५ पौंड नोंदणी शुल्क. तपासणीत दोन गोष्टी हमखास अडतात: मीटर मैलांत दिसला पाहिजे आणि मागं फॉग लॅम्प हवा. एमएच-११ ची पाटी तिथंच उतरते. ती जपून ठेवतात लोक, भिंतीवर लावायला.

गाडी अशी पास होते. मालकाचं काय? भारतीय लायसन्स तिथं राहायला गेल्यापासून १२ महिने चालतं आणि बदलूनही मिळत नाही. वर्ष सरलं की लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची, आणि पास होईतो पुढं-मागं तांबड्या ‘एल’ची पाटी लावून, शेजारी २१ वर्षांवरचा आणि तीन वर्षं लायसन्स असलेला माणूस बसवून हिंडायचं. फोटो साताऱ्याला पोहोचतो. मामा बोटांनी मोठा करून बघतात.

‘आरं, ह्यो एल कशाचा रं? लक्झरीचा का?’