ग्लासगोत भेटलेली असई

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, ती बातमी मला ग्लासगोत कळली. घरच्या ग्रुपवर फोटो आला आणि बराच वेळ कुणी काहीच लिहिलं नाही. मग मात्र महिनाभर वाद चालले: काम कुणी कुणाला दिलं, नटबोल्ट कसे गंजले, वाऱ्याचा वेग किती होता. ३५ फुटांचा पुतळा, ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, आणि नऊ महिनेही पुरे झाले नाहीत. पुढच्या वर्षी तिथे नवा पुतळा उभा राहिला. ती बातमी मला पाठवणाऱ्या प्रत्येकाने आधी उंची लिहिली होती.

त्या उन्हाळ्यात बाबा माझ्याकडे आले. सगळी नोकरी त्यांनी रस्ते आणि पूल बांधण्यात घालवली, त्यामुळे कुठेही गेलं की ते आधी पाया बघतात. पहिल्याच शनिवारी मी त्यांना रॉयल एक्स्चेंज स्क्वेअरमध्ये नेलं. तिथे आधुनिक कलेच्या संग्रहालयासमोर ड्यूक ऑफ वेलिंग्टन या ब्रिटिश सेनापतीचा अश्वारूढ पुतळा आहे. कार्लो मारोकेत्ती या शिल्पकाराने १८४४ साली घडवलेला, ब्राँझचा. आणि ड्यूकच्या डोक्यावर रस्त्याच्या कामावर ठेवतात तो नारिंगी ट्रॅफिक कोन.

"हे काय गं?" बाबांचा आवाज चढला. "कुणी काढत नाही का?"

काढतात. १९८० च्या दशकापासून काढताहेत. रात्री कुणीतरी घोड्यावर चढून कोन ठेवतं, नगरपालिका उतरवते, दुसरा येतो. चढणाऱ्यांमुळे पुतळ्याची मोडतोड झाली आहे आणि पोलीस आजही बजावतात, चढू नका, पडाल. २०१३ साली नगरपालिकेने कायमचा उपाय काढला: ६५ हजार पौंड खर्चून चौथऱ्याची उंची दुप्पट करायची, म्हणजे कुणाला चढताच येणार नाही. गाव खवळलं. बघता बघता दहा हजारांवर सह्या जमल्या आणि योजना मागे घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी इथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा उद्घाटनाच्या सोहळ्यात कोनवाले ड्यूकसाहेब सगळ्या जगाला दाखवले गेले.

बाबांना हे पटलं नाही. त्यांना पटावं असा माझा हट्टही नव्हता. मी त्यांना चौथऱ्याच्या बाजूला नेलं, कारण मला दाखवायचं होतं ते तिथे होतं. चौथऱ्यावर ब्राँझचे उठावाचे पट बसवले आहेत. एक वॉटर्लूचा, जिथे त्याने नेपोलियनला हरवलं, आणि एक असईचा.

असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातली असई, केळना आणि जुई या नद्यांच्या मधली. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा हा ड्यूक. म्हातारपणीही तो वॉटर्लूपेक्षा असईलाच आपली सर्वांत सरस लढाई मानायचा. मराठ्यांच्या तोफांनी त्याच्या सैन्यातले पंधराशेच्या वर लोक मारले किंवा जखमी केले. सर्वांत जास्त कापली गेली ती ७४ वी हायलंड पलटण, इकडचीच पोरं. मी शाळेत असई एका ओळीत शिकले होते. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात, पावसात छत्री सांभाळत, त्या पटासमोर उभी राहून मला पहिल्यांदा वाटलं की ही आपल्या मातीवर झालेली गोष्ट आहे आणि आपण ती नीट सांगितलेली नाही.

तो पट माझ्या हाताच्या अंतरावर होता, म्हणून हे झालं.

आता तुलनेचं. ड्यूक जन्मला डब्लिनमध्ये. तो ग्लासगोचा कुणी नव्हे, दैवत तर नव्हेच, म्हणून इथल्या लोकांना ही मोकळीक परवडते. महाराजांच्या बाबतीत तसलं काही माझ्या स्वप्नातही येणार नाही. जिरेटोपाची जागा जिरेटोपाचीच. पण त्या सह्यांचा मला हेवा वाटतो. आमच्या चौकातला पुतळा कसा असावा हे आम्हाला विचारा, असं लोक म्हणाले आणि कचेरीला ऐकावं लागलं. आपल्याकडे उंची, तारीख आणि पाहुणे वरून ठरून येतात. अरबी समुद्रातल्या स्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. तेव्हापासून त्याची उंची किती असावी यावर जेवढं बोललं गेलं, त्याच्या पावपटही त्या पुतळ्यापाशी माणूस जाऊन काय करेल यावर नाही.

आणि आपल्याला ते माहीत नाही असं थोडंच आहे! आमच्या तालुक्याच्या गावात जयंतीच्या आदल्या रात्री मंडळाची पोरं पुतळा धुवायची. सकाळी शिडी लागायची. हार कोण घालणार यावर दरवर्षी रुसवे व्हायचे. एका वर्षी बाबांनीच शिडी खाली धरली होती आणि मी, सातवीतली, हारांची टोपली घेऊन उभी होते. महाराजांच्या पायांपाशी पाणी साचायचं ते आम्ही फडक्याने टिपून घ्यायचो. साठ फुटांच्या पुतळ्याला हार क्रेनने घालावा लागतो. मग खाली उभ्या राहिलेल्या पोरीच्या हाताला काम काय उरतं? देखभालही तशीच. ज्या पुतळ्याला दरवर्षी शंभर हात लागतात, त्याचा सैल झालेला बोल्ट कुणाच्या तरी बोटाला लागतोच.

बाबा असईच्या पटापाशी बराच वेळ थांबले. चष्मा वर करून त्यांनी शिपायांच्या रांगा पाहिल्या, मग चौथऱ्याला वळसा घातला. कोनाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. घोड्याचा खूर दगडाला जिथे टेकतो तिथे हात पोचतो का बघितलं. पोचला. सांध्यावरून बोट फिरवलं, दोनदा टिचकी मारली आणि आवाज ऐकला.

"एकशे ऐंशी वर्षं," ते म्हणाले, "आणि वर रोज पोरं नाचतात."