किल्ली मिळाली, वॉल्व्ह कुठे आहे ते कोण सांगणार?

परवा मैत्रिणीचा फोन. "लागलं का गं घर?" मी म्हटलं, "सांडशी सापडली." तिला वाटलं मी विषय बदलतेय.

सदाशिव पेठ सोडून धायरीला येऊन आज बावन्न दिवस झाले. रस्ता मोकळा असेल तर अर्ध्या तासाचं अंतर. (सिंहगड रोड मोकळा असण्याची वेळ: रात्री दीड ते पहाटे पाच.) खोक्यांवर मी मार्करने 'स्वयंपाकघर १', 'स्वयंपाकघर २' असं शिस्तीत लिहिलं होतं. सांडशी निघाली 'पुस्तकं ४'मधून, अकराव्या दिवशी. तोवर गरम पातेली जुन्या टॉवेलने उतरवत होतो आणि दर वेळी सासूबाई म्हणत होत्या, "पेठेत ती ओट्याच्या डाव्या खिळ्याला असायची." असायचीच. तीस वर्षं होती.

पहिल्या दिवशी दूध उतू घालवायचं होतं. फ्लॅट रिसेलचा, आधीच्या मालकांनी पाइपचा गॅस घेतलेला. नवऱ्याने आमची शेगडी त्या नळीला जोडली आणि हात झटकले. सासूबाईंनी लहान पातेलं काठोकाठ भरलं, लवकर उतू जावं म्हणून. ज्योत बघते तर समईएवढी! पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. घरातली सगळी माणसं एका पातेल्याकडे टक लावून उभी. मग एकेक जण काही ना काही निमित्ताने सटकला. दूध उतू गेलं ते कधीतरी पाऊण तासाने, ओट्यापाशी कुणीही नसताना.

दुसऱ्या दिवशी गॅसवाला मुलगा आला. त्याने आधी नवऱ्याला झापलं (मला बरं वाटलं), मग समजावलं. सिलेंडरच्या गॅसमध्ये दम जास्त, म्हणून त्याच्या शेगडीचे जेट बारीक भोकाचे असतात. पाइपच्या गॅसला भोक मोठं लागतं. नाहीतर ज्योत अशीच रडत जळते. जेट बदलले, नळी बदलली. जाता जाता म्हणाला, "काकू, सिलेंडरचा गॅस गळला तर जमिनीलगत साचतो. हा हवेपेक्षा हलका, वर जातो. वास आला तर खाली वाकून बघत बसू नका." आणि मी पंचवीस वर्षं वास आला की आधी खाली वाकत आलेय!

पण खरं रामायण डाळीचं.

तिसऱ्या दिवशी कुकर लावला. नेहमीच्या तीन शिट्ट्या. उघडला तर डाळ डाळीच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी. पुन्हा तीन शिट्ट्या. रवीने घोटली तरी कण राहिले. सासूबाईंनी निकाल दिला, डाळ जुनी आहे. वाणी बदलला. नवी डाळ आणली, तासभर भिजवली, तरी तेच. मग कुकरच्या रिंगवर संशय, नंतर शिट्टीवर, शेवटी माझ्यावर. आठवडाभर आम्ही आमटीच्या नावाखाली जे काही खाल्लं त्याला नाव नाही. सासूबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. त्यांच्याकडे सगळ्या संकटांना एकच माप आहे. म्हणाल्या, "पानशेत फुटलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तेव्हासुद्धा डाळ शिजत होती."

हे कोडं सोडवलं आमच्या मजल्यावरून कचरा नेणाऱ्या मावशींनी. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या गाडीबरोबर येतात, सकाळी सात-वीसला. बादलीत न शिजलेली डाळ दोन-तीन दिवस सलग दिसली असावी. म्हणाल्या, "ताई, बोरचं पाणी टाकताय का? इथं नवीन आलेलं प्रत्येक घर आठवडाभर डाळ फेकतं. प्यायचं पाणी टाका कुकरमध्ये."

टाकलं. तीन शिट्ट्यांत वरण.

म्हणजे झालं होतं असं: नळाला येतं ते बोर आणि टँकरचं मिसळलेलं पाणी. जड पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर, ते डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतात आणि डाळ मऊ होऊ देत नाहीत. साबणाला फेस न येणं, नळाच्या तोंडाला पांढरे खडे, शॉवरची निम्मी भोकं बंद, हे सगळं त्याच एका कारणाने, आणि आम्ही प्रत्येकासाठी वेगळा गुन्हेगार शोधत होतो. गंमत अशी की खडकवासला धरण पेठेपेक्षा इथून कितीतरी जवळ. धायरीचा उरलेला भाग महापालिकेत आला तो ऑक्टोबर २०१७ मध्ये. पण आमच्या इमारतीत अजून टँकरचा हॉर्नच नदीसारखा वाहतो. जानेवारी २०२५ मध्ये याच सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण सापडले आणि पाण्यावर संशय आला, तेव्हापासून इथले जुने लोक पाणी उकळल्याशिवाय पीत नाहीत. हे मला कुणी सांगितलं? पुन्हा मावशींनीच.

आता मला जे म्हणायचंय त्याकडे येते.

राहायला येण्याआधी सोसायटीने आमच्या हातात चौदा पानांची नियमावली दिली होती. गॅलरीत कपडे कुठपर्यंत वाळत घालावेत, लिफ्टमधून फर्निचर नेण्याचे किती, पाहुण्यांच्या गाडीने कुठे उभं राहावं. सगळ्यावर सह्या घेतल्या. शेअर सर्टिफिकेटची प्रत, इंडेक्स टू, लाइट बिल, दोन फोटो. त्या चौदा पानांत 'नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही' हे पाच शब्दांचं वाक्य नव्हतं. पिण्याचं पाणी किती वाजता येतं, हेही नव्हतं. आणि वॉल्व्हचं तर नव्हतंच.

वॉल्व्हची गोष्ट अशी. रविवार, दुपारचे दोन. बाथरूममधल्या नळाची मान तुटून हातात आली आणि कारंजं सुरू. मेन वॉल्व्ह शोधायला मी आणि मुलगा घरभर पळतोय, नवरा तळव्याने पाणी दाबून उभा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. पहिल्या पाच मिनिटांत दोन जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि एकाने लिहिलं, 'कृपया वैयक्तिक तक्रारी ग्रुपवर टाकू नयेत.' शेवटी खालून वॉचमनकाका धावत आले. त्यांनी शेजारच्यांची बेल वाजवली, त्यांच्या बाथरूमच्या खिडकीतून डक्टमध्ये हात घातला आणि आमचं पाणी बंद केलं. आमचा वॉल्व्ह शेजाऱ्यांच्या खिडकीतून बंद होतो! शेजारी गावाला गेलेले असते तर? "मग गच्चीवर जावं लागतं," काका म्हणाले, "डावीकडून चौथा." डावीकडून चौथा. हे ज्ञान त्या एका माणसाच्या डोक्यात आहे आणि त्यांची ड्यूटी रात्री आठला संपते.

"आता काय, सगळं ॲपवर मिळतं, शिफ्टिंगचा कसला त्रास?" असं म्हणणारे भेटले की म्हणून माझं डोकं फिरतं. मिळतं ना. कोथिंबीर दहा मिनिटांत येते. पण जे लागतं ते विकत मिळण्यातलंच नाही. कुठला प्लंबर 'निघालोच' म्हणाला की खरंच निघालेला असतो, कुठल्या रिक्षावाल्याला रात्री दहाला दवाखान्यात चला म्हणता येतं, कुठला वाणी 'ही डाळ नका घेऊ' असं स्वतःहून सांगतो. पेठेत हे आम्हाला माहीत होतं, आणि माहीत आहे हेच माहीत नव्हतं.

साधा खिळा घ्या. जुन्या घरात कालनिर्णयसाठी खिळा ठोकायला मी वरवंटा वापरत असे. इथे एक भिंत सरळ काँक्रीटची, तिने चार खिळे वाकवले. दुसरी सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या पोकळ-सच्छिद्र ब्लॉकची, तिच्यात खिळा लोण्यात जावा तसा गेला आणि संध्याकाळी कालनिर्णयसकट खाली आला, सोबत मूठभर पांढरी भुकटी. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ड्रिल मारून गिट्टी बसवावी लागेल, भोकाला शंभर, आणि पाच भोकांच्या खाली मी येत नाही. आता घरात अशी चार ठिकाणं शोधतेय जिथे काहीतरी टांगावंसं वाटेल. तोवर कालनिर्णय फ्रिजवर आडवं पडलंय, आणि दुधाचा हिशेब लिहायला रोज ते उतरवावं लागतं.

पत्त्याचंही तसंच. सासरे पोस्टात होते. पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाची, तेही संस्कृतचे कवी, १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू, हे ते आल्यागेल्याला ऐकवत. आमचे शेवटचे आकडे ०३० होते, ते ०४१ झाले. कुरिअरच्या पोराला याचं सोयरसुतक नाही, त्याला 'लोकेशन' हवं असतं. पेठेत 'खुन्या मुरलीधराजवळ' म्हटलं की संपायचं. इथे परवा मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "पिवळ्या जेसीबीपासून डावीकडे." जेसीबी कालच हलला.

तर मागणी अशी. प्रत्येक सोसायटीने नव्या माणसाला किल्लीबरोबर एक पान द्यावं. नियमांचं नको, त्याची चौदा आहेत. वॉल्व्ह कुठे, प्यायचं पाणी कधी, कुठली भिंत कशाची, सुका कचरा कुठल्या वारी, लिफ्ट अडकली तर कुणाला फोन. मी कमिटीच्या मीटिंगमध्ये हे मांडलं. सेक्रेटरी म्हणाले, "कल्पना चांगली आहे, तुम्हीच करा." पुण्यात सूचना करणाऱ्याला हीच शिक्षा असते, विसरले होते. तर मागच्या कालनिर्णयच्या पाठीवर लिहायला घेतलंय. निम्मं मावशींनी सांगितलेलं, निम्मं काकांनी. दोघांपैकी कुणीही या सोसायटीत राहत नाही.

एक जागा त्यात अजून रिकामी आहे, म्हणून इथे विचारते. धायरी फाट्याच्या आसपास ज्वारी बारीक दळून देणारी गिरण कुणाला माहीत आहे का? दोन ठिकाणी दळून झालं. भाकरी थापताना चिरते, आणि सासूबाई म्हणतात पिठाला विरीच नाही. ताजं दळण हवं, आणि जात्यावर आधी गहू होता की हरभऱ्याची डाळ, हे विचारल्यावर खरं सांगणारा माणूस हवा. थोडं लांब असलं तरी चालेल. नवरा गाडीवर डबा घेऊन जाईल, शेगडीची भरपाई म्हणून.