विरळ हवेला शंभर ऑक्टेनचा उतारा नाही

लडाखचा मोसम जवळ आला की जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. "पद्मिनी, अँबॅसिडर घेऊन लेहला निघालात? वर हवा विरळ, साधं पेट्रोल नीट जळत नाही, इंजिन नॉक करतं. 97 किंवा 100 ऑक्टेनचंच भरा, वर ऑक्टेन वाढवणाऱ्या बूस्टरची बाटली ओता. गेलेली ताकद परत येईल, गाडी बंद पडणार नाही." यापायी लोक भरपूर पैसे घालवतात आणि तरीही घाटात अडकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ताकद परत येईल? नाही येत. दाबाने आणि उष्णतेने पेट्रोल अवेळी आपोआप भडकू नये, ही त्याची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन; तसं भडकून इंजिन खडखडतं, तेच नॉकिंग. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 65 टक्के. पद्मिनीच्या 1,089 सीसी इंजिनाची चाळीसेक अश्वशक्ती; त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा हवेअभावीच जातो. महाग पेट्रोल ओतून सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरत नाही.

वर नॉकिंग वाढतं, हे तर साफ उलटं आहे. हवा कमी भरली की दाबल्यावरचा दाबही कमी, म्हणून ऑक्टेनची गरज उतरते. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यांत पंपावर 85 ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. ही पद्धत कार्ब्युरेटरच्या (जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) जमान्यातली, म्हणजे आपल्याच गाड्यांच्या काळातली. (तिकडचा आकडा रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींच्या सरासरीचा असतो, आपल्या रॉनच्या हिशेबात तो 90 च्या आसपास येतो.) आपल्याकडे साधं पेट्रोलच किमान 91 रॉनचं. आठच्या आसपास कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) असलेलं इंजिन मुंबईत त्यावर शांत चालत असेल, तर लेहला ते नॉक करण्याचं कारण नाही.

मग गाडी अडखळते का, काळा धूर का सोडते? खरी गोम इथे आहे. कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं, मिक्श्चर रिच होतं. प्लग काढून पाहा: टोकाला कोरडी, मखमलीसारखी काजळी असते, बोट लावलं की काळं होतं. ती ऑक्टेनने जात नाही. एअर फिल्टर साफ करा, आयडलचा (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालतं तेव्हाचा) मिक्श्चर स्क्रू इंजिन सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथे आणा. वर जास्त दिवस राहायचं असेल तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) एक-दोन नंबर लहान घाला. टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) दोन-तीन अंश आधी आणून अ‍ॅडव्हान्स केलं तरी फरक जाणवतो, कारण विरळ भरणा हळू जळतो. जुन्या जेटवर आणि टायमिंगच्या मूळ जागी खूण करायला विसरू नका.

बंद पडण्याचं आणखी एक कारण म्हणजे व्हेपर लॉक. दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं. इंजिनाला चिकटलेला फ्युएल पंप तापतो, नळीत वाफ धरते, कार्ब्युरेटर कोरडा पडतो. बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. आपले जुने ड्रायव्हर हेच करत आले आहेत आणि ते बरोबर आहे. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब बांधणं त्याहून चांगलं.

जास्त ऑक्टेनने इंजिन बिघडत नाही, हे मान्य. बूस्टरच्या बाटल्यांबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. त्यांतल्या काहींमध्ये मँगनीजचं संयुग असतं आणि त्याचा तांबूस थर प्लगवर बसतो.

ऑक्टेनची काळजी घ्यायचीच असेल तर ती उतरताना घ्या. वर अ‍ॅडव्हान्स केलेलं टायमिंग तसंच ठेवून मैदानात आलात, की चढावर ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनातून खडखड ऐकू येईल. बारीक जेटही तिथे लीन पडतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी जातं, आणि व्हॉल्व्ह तापतात. म्हणून मैदान लागण्याआधी गाडी थांबवा आणि जेट व टायमिंग दोन्ही पुन्हा खुणेवर आणा.