गिझरचा थर्मोस्टॅट बदला, पण कटआउट ‘डायरेक्ट’ करू नका

थंडी पडली की व्हॉट्सअ‍ॅपवर हा सल्ला फिरू लागतो: ‘गिझर तापत नाही? थर्मोस्टॅट गेला. बटण बंद करा, दोन वायरी सोडवा, बाजारातला कुठलाही थर्मोस्टॅट बसवा. कटआउट सारखा उडत असेल तर डायरेक्ट करा. वायरमनला पैसे कशाला?’

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा भाग. तो चुकला आणि पाणी प्रमाणाबाहेर तापलं, तर वीज तोडतो तो कटआउट. ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे कटआउट वगळून वायरी थेट जोडणं. थर्मोस्टॅट बदलण्याचं काम अवघड नाही, हे मान्य. साठवणीच्या बहुतेक गिझरांत थर्मोस्टॅटचा दांडा कोरड्या नळीत बसतो, टाकी रिकामी करावी लागत नाही. विजेच्या कामाची सवय असलेला माणूस हे घरी करू शकतो. पण बाकीचा सल्ला घातक आहे.

‘थर्मोस्टॅट गेला’ हे कशावरून ठरवलं? बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या गिझरात कॉइलवर क्षाराचा थर बसतो आणि ती जळते. लक्षण तेच, पाणी गार. वीज पूर्ण तोडा, कॉइलच्या वायरी सोडवा आणि तिच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा. 2000 वॉटची कॉइल धड असेल तर साधारण 26 ओहम दिसतात. मीटर हललाच नाही तर कॉइल तुटली आहे, नव्या थर्मोस्टॅटचे पैसे वाया जातील. मग एक टोक कॉइलला आणि दुसरं टाकीच्या पत्र्याला लावून बघा. तिथे आकडा आला तर वीज टाकीत उतरते आहे. असा गिझर कॉइल बदलेपर्यंत कुणालाही लावू देऊ नका.

‘बटण बंद करा’ एवढ्याने भागत नाही. साधं बटण एकच वायर तोडतं. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असली, तर बटण बंद असूनही कॉइलपर्यंत फेज पोचलेला असतो. प्लग असेल तर उपसून काढा, नसेल तर घराचा मेन पाडा. झाकण काढल्यावर दोन्ही टर्मिनलवर वीज नाही ना, हे मीटरने तपासा. आणि त्याआधी तोच मीटर चालू सॉकेटवर लावून तो चालतो ना, याची खात्री करा.

‘कुठलाही’ थर्मोस्टॅट चालत नाही. दांड्याची लांबी, अँपिअर आणि तापमानाची मर्यादा जुन्यासारखीच हवी. जुना नग दुकानात घेऊन जा.

आता कटआउट. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते, कारण ‘डायरेक्ट’ केल्यावर गिझर आधीपेक्षा चांगला चालतोय असंच वाटतं. थर्मोस्टॅटचे पॉइंट ठिणग्यांनी चिकटले की तो वीज तोडत नाही आणि पाणी तापतच राहतं. तेव्हा कटआउट उडतो. म्हणजे सारखा उडणारा कटआउट बिघडलेलाच असतो असं नाही. बहुतेक वेळा तो आपलं काम करत असतो आणि खरा दोष थर्मोस्टॅटचा असतो. कटआउटला वगळलंत की जादा दाब सोडणारा प्रेशर व्हॉल्व्ह तेवढा उरतो, आणि जड पाण्याने तोही क्षार धरून अडकतो. बंद टाकीत दाबाखाली पाणी 100 अंशांच्या वर जातं. अशी टाकी फुटली तर त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. बाथरूममध्ये अंघोळीला लेकरू असतं, म्हातारी माणसं असतात. कटआउट खरंच खराब असेल तर नवा बसवा. तो महागाची वस्तू नाही.

सगळं जोडून झालं की अर्थिंगची वायर जागेवर घट्ट आहे ना बघा, झाकण लावा, गरम पाण्याचा नळ उघडा, सलग धार आली की मगच बटण दाबा. 15 लिटरचा, 2000 वॉटचा गिझर 25 अंशांचं पाणी 60 अंशांवर न्यायला वीसेक मिनिटं घेतो. अर्धा तास उलटूनही तापण्याचा दिवा विझला नाही तर गिझर बंद करा आणि वायरमनला बोलवा.