दाजी, सही केली म्हणून गाणं परकं होत नाही

भाची लातूरला लॉ करते. गाण्यांच्या हक्कांचं, रॉयल्टीचं काम करायचं म्हणाली, आणि त्याच रात्री दाजींनी फॅमिली ग्रुपवर मेसेज ढकलला: ‘गाण्याचा वकील हे करिअरच नाही. गीतकारानं पैसे घेऊन सही केली की हक्क संपला. गाणं रजिस्टर नसेल तर रुपया मिळत नाही. उरलेलं संस्थावाले खातात.’ खाली सहा अंगठे.

दाजी, आधी सहीचं बघू. याच वाक्यानं आपल्याकडचे कितीतरी गीतकार गप्प बसलेत. परभणीचा माझा दोस्त भीमगीतं लिहितो. २०१९ ला एका कंपनीनं त्याला गाण्यामागं दोन हजार टेकवले, स्टॅम्प पेपरवर सही घेतली आणि हेच ऐकवलं. साफ खोटं! कॉपीराइट कायद्याचं कलम १८ काढून वाचा. २१ जून २०१२ पासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला, हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीचा वाटा सोडून देताच येत नाही. द्यायचाच तर वारसाला नाहीतर रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट संस्थेला, बस्स. थिएटरात सिनेमासोबत वाजतं तेवढं वगळलंय. सिनेमा नाही, नुसता अल्बम आहे, ही पळवाटही तिथंच बुजवलीय.

बरं, मेसेज अगदीच हवेतला नाही, हे मान्य. १९७७ साली सिनेमातल्या गाण्यांच्या हक्कांवर सुप्रीम कोर्टाचा निकाल निर्मात्यांच्या बाजूनं गेला आणि पुढं पस्तीस वर्षं तेच चाललं. २०१२ च्या आधीच्या सह्यांचा गुंता अजून आहेच. पण गुंता आहे म्हणूनच वकील लागतो ना?

रजिस्टरचं म्हणाल तर नोंदणी सक्तीची नाही. गाणं लिहिलं की हक्क आला. वसुलीसाठी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेचं, सभासद होऊन गाण्यांची यादी द्यावी लागते, ती गोष्ट वेगळी.

आणि ‘संस्थावाले खातात’? कलम ३५ प्रमाणं संस्थेच्या मंडळावर निम्मे लोक गाणी लिहिणारे, चाली बांधणारेच असावे लागतात. पैसा अडकतो तो बहुतेकदा नावात. गाणं कुठं वाजलं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, हे जुळवत बसणं म्हणजेच रॉयल्टीवाल्यांची नोकरी. स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडं झालं की पैसा पडून. तुमच्या आधारवर आणि सातबाऱ्यावर आडनाव दोन तऱ्हेचं आहे, तुम्हाला काय वेगळं सांगू!

दोस्ताच्या स्टॅम्प पेपरचा फोटो मी भाचीला पाठवलाय. रविवारी तो लातूरला येतोय. चहा तेवढा टाका.