अभिमानाची घाई करू नये

पॅरालिम्पिकमधील भारताच्या यशाचा अभिमान बाळगण्याची इच्छा असेल, तर पहिली अट अशी की तो वेळेवर वाटता कामा नये. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे मूळचे मुष्टियोद्धे; 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात 37.33 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. त्याच उन्हाळ्यात म्युनिक ऑलिम्पिकमध्ये आपल्या वाट्याला हॉकीचे कांस्यपदक आले होते, तेव्हा एवढ्यावरून कोणीही हुरळून गेले असते. पण आपण संयम राखला. पद्मश्री 2018 मध्ये दिली आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार 2025 मध्ये. प्रश्नमंजूषेत देशाच्या पहिल्या वैयक्तिक सुवर्णपदकाविषयी विचारले, तर अभिनव बिंद्रा आणि 2008 एवढे सांगून मोकळे व्हावे. ऑलिम्पिकपुरते ते बरोबरच आहे आणि पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

देवेंद्र झाझडिया यांच्याबाबतही घाई नको. 2004 मध्ये अथेन्स येथे त्यांनी 62.15 मीटर भाला फेकून सुवर्ण मिळवले. पुढच्या दोन पॅरालिम्पिकमध्ये त्यांच्या अपंगत्वाच्या गटाची भालाफेकच नव्हती. आपण मात्र ‘हा खेळाडू संपला’ असे खुशाल म्हणावे आणि 2016 मध्ये रिओला त्यांनी 63.97 मीटर फेक केल्यावर ‘मी म्हटलेच होते’ असे सांगावे.

व्यवस्थेबद्दल कुरकुर करणे तर शोभतच नाही. 2015 मध्ये गाझियाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत उतरवले होते आणि चाकांची खुर्ची आत जाईल अशी स्वच्छतागृहेही नव्हती. जिद्दीची परीक्षा घ्यायची तर मैदानावरच थांबून कसे चालेल? आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीला मात्र हा विचार पटला नाही आणि तिने त्याच वर्षी भारतीय समितीला निलंबित केले.

1968 ते 2016 या काळात आपल्याला एकूण 12 पदके मिळाली आणि नंतर एकट्या टोकियोत 19, पॅरिसमध्ये 29. अशा वेळी सत्कार आलाच. व्यासपीठ उंच असावे आणि पायऱ्या भरपूर असाव्यात, म्हणजे चार कार्यकर्ते खुर्ची उचलत असतानाचे छायाचित्र चांगले येते. शाल खांद्यावर, श्रीफळ मांडीवर आणि भाषणात ‘दैवी शक्ती’ हा शब्द किमान दोनदा आला की रॅम्पचा विषय आपोआप मागे पडतो.

एक अडचण तेवढी राहते. पॅरिसमध्ये 16.32 मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवणारे सचिन खिलारी हेही सांगली जिल्ह्यातलेच आणि सरकारने त्यांना काही महिन्यांतच अर्जुन पुरस्कार देऊन रीत मोडली. आपण विचलित होऊ नये. पेटकरांच्या पद्मश्रीचा वेग प्रमाण मानला, तर हे दुसरे नाव लक्षात ठेवायला आपल्याला 2070 पर्यंत सवड आहे.