‘बी.लिब. करून काय करणार?’ विचारणाऱ्या पोस्टला उत्तर

पदवीचे निकाल लागले की व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरू लागते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बऱ्याच ग्रुपांवर ती येऊन गेली असेल. तिचा मजकूर थोडक्यात असा: बी.लिब., एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या करून आयुष्य वाया घालवू नका. सगळं मोबाइलवर आहे, उरलंसुरलं एआय सांगतं. कॉम्प्युटर आवडत असेल तर सरळ आयटीत जा. वाचनालयाची जाहिरात करणं म्हणजे सरस्वतीचा बाजार मांडणं. आणि आपल्या खान्देशात ‘कोन वाचस रे भो आते?’ शेवटी पगाराची थट्टा.

एरवी अशा पोस्टला उत्तर देत बसलो नसतो. पण ती नेमकी पोचते नुकतंच शिकून बाहेर पडलेल्या पोरापोरींकडे. त्यांना ‘कोहा’ हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर चालवता येतं, पोस्टर करता येतं, आणि पहिल्याच नोकरीत ‘जास्त डोकं चालवू नको, पुस्तकांची देवघेव बघ’ असं ऐकावं लागतं. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘सगळं मोबाइलवर आहे.’ तिथे आपोआप उगवलं का? इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात वारले. त्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या कागदपत्रांसाठी पुढच्याच वर्षी, 1927 साली, तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. असल्या संग्रहातला मोडी कागद पडद्यावर दिसावा म्हणून कोणीतरी तो रुमालातून, म्हणजे कापडी गाठोड्यातून, सोडवतो, धूळ झटकतो, स्कॅन करतो आणि सन, गाव, विषय, नावं लिहून चढवतो. ही शेवटची पायरी चुकली तर कागद नेटवर असूनही सापडत नाही.

सापडत नाही म्हणजे काय, तेही सांगतो. बऱ्याच वाचनालयांच्या याद्या जुन्या काळी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठायची ती भलतीच चिन्हं. आज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या टंकपद्धतीत, ‘खांडेकर’ लिहून शोधा, उत्तर शून्य. पुस्तक समोरच्या कपाटात आणि कॉम्प्युटर म्हणतो नाही! कन्व्हर्टर लावला तरी रफार आणि जोडाक्षरं मोडतात, मग माणसाने डोळ्यांत तेल घालून तपासायची. युनिकोडमध्येसुद्धा गोम आहे. ‘बऱ्हाणपूर’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखे, आतले संकेत वेगळे. बऱ्हाणपूर राजधानी असलेल्या खान्देशच्या फारुकी राजवटीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने एका तऱ्हेने शोधलं आणि नोंद दुसऱ्या तऱ्हेने असली, तर त्याच्यापुरतं ते पुस्तक जगातच नाही.

आणखी एक, अगदी घरचं. ‘बहिणाबाई’ शोधा. सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, 1880 ते 1951, यांचा एकच घोळका समोर येतो. पैकी दुसऱ्या आपल्या विद्यापीठाच्या नावात आहेत, तरी घोळ होतोच. दोघींच्या नावापुढे सन लावून दोन वेगळ्या प्रमाण नोंदी, म्हणजे नावाचं एकच ठरलेलं रूप, करणं आणि प्रत्येक पुस्तक योग्य नोंदीला जोडणं हे ग्रंथपालाचं काम आहे. त्याला मराठीही यावी लागते आणि मार्क या संगणकी ग्रंथनोंदीच्या साच्याचे रकानेही. हे करणारी माणसं आपल्याकडे थोडी आहेत. पोस्ट वाचून वाटतं तशी फाजील नाहीत.

‘एआय सांगतं.’ सांगतं, आणि न लिहिलेली पुस्तकंही सांगतं. लेखक खरा, प्रकाशक खरा, सन पटण्याजोगं, फक्त पुस्तक नाही. अशी यादी घेऊन विद्यार्थी काउंटरवर येतो तेव्हा त्याला खरी पुस्तकं हुडकून देणारा माणूस लागतो. या मुद्द्याला एवढं पुरे.

‘कॉम्प्युटर आवडतो तर आयटीत जा.’ इथे पोस्टकर्त्यांना ‘कोहा’ची जन्मकथा ऐकवावीशी वाटते. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागात लहान गावांची वाचनालयं चालवणारी एक संस्था होती. 2000 साल उजाडलं की त्यांची जुनी प्रणाली बंद पडणार, अशी भीती होती. बाजारातली मोठी सॉफ्टवेअरं परवडणारी नव्हती. मग 1999 साली त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःच्या गरजेपुरतं सॉफ्टवेअर लिहून घेतलं, जानेवारी 2000 मध्ये ते सुरू केलं आणि सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं. आज आपल्या कॉलेजांत जे ‘कोहा’ दिसतं ते हेच. गरज वाचनालयाने सांगितली, प्रोग्रामरने लिहिलं. ही गरज नेमक्या शब्दांत सांगायला दोन्हीकडची भाषा येणारा माणूस लागतो. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ‘ई-ग्रंथालय’ आहे, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं ‘सोल’ आहे, दोन्ही ‘कोहा’सारखीच सॉफ्टवेअरं, प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. ही सगळी चालवायला माणसं लागतातच ना?

आता आपल्याच लोकांचाही कान धरतो. तंत्रज्ञान म्हणजे खरेदी नव्हे. छत गळतंय, आलेली पुस्तकं टिपायची दाखल नोंदवही अर्धवट आहे आणि दारात पुस्तकातली चिप ओळखणारं आरएफआयडीचं फाटक, असा थाट मी पाहिला आहे. झाकण घातलेल्या संगणकांवर ‘डिजिटल विभाग’ अशी पाटीही पाहिली आहे. अशा ठिकाणी तरुण ग्रंथपालाने आधी नोंदवही पुरी करावी, यात कमीपणा नाही.

‘जाहिरात म्हणजे सरस्वतीचा बाजार.’ मला सगळ्यात जास्त राग याच मुद्द्याचा आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री 1931 साली मांडली. त्यातलं तिसरं सूत्र म्हणजे प्रत्येक ग्रंथाला वाचक मिळाला पाहिजे. पुस्तक स्वतः चालत जात नाही, मग त्याचा वाचक शोधायचा कोणी? हे मार्केटिंगच आहे, आणि हे सूत्र अभ्यासक्रमात सुरुवातीलाच शिकवतात.

खरी तक्रार असेल तर ती अशी की आपलं मार्केटिंग वाईट आहे. वाचनालयाचं पान उघडा. जयंतीला तसबिरीला हार घालतानाचा फोटो, पुण्यतिथीला तोच हार, तीच माणसं. नवीन पुस्तकं कोणती आली, वर्गणी किती, रविवारी उघडं असतं का, यातलं एकही नाही. त्यापेक्षा रोज एका पुस्तकाचं मुखपृष्ठ, खाली चार ओळी आणि ‘आज कपाटात आहे’ असा स्टेटस ठेवा. रावेर-यावलमध्ये केळीवरच्या रोगांची पुस्तकं आठवडे बाजाराच्या दिवशी टेबलावर बाहेर मांडा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला माणसं लांबून येतात, तिथे घोड्यांवरच्या आणि तापीवरच्या पुस्तकांचा एक स्टॉल का नको? पाटी अहिराणीत लिहिली तर लोक थांबून वाचतील. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली बोलणाऱ्या मुलांसाठी गोष्ट मोठ्याने सांगणारा माणूस हवा. यातल्या कशालाही मोठं बजेट लागत नाही. लागते ती अध्यक्ष-सचिवांची ‘हो’, आणि ती मिळवणं हेही मार्केटिंगच.

‘कोन वाचस रे भो आते?’ जळगावचं व. वा. वाचनालय 1877 पासून आहे. अमळनेरला 1952 आणि 2024 अशी दोन साहित्य संमेलनं झाली. पण हे मी पुरावा म्हणून देत नाही. संमेलनाची गर्दी म्हणजे वाचन नव्हे, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मी बोट दाखवीन ते अभ्यासिकेकडे. सकाळी सातला पिशवी ठेवून जागा अडवणारी मुलं आहेत ना? ती गाइड वाचतात, कथा-कादंबरी नाही, हे खरं. पण एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक केली. पर्यायाचा गोल रंगवण्याचे दिवस गेले, आता पानंच्या पानं मुद्देसूद लिहायची आहेत. गाइडवर हे भागत नाही. ही मुलं कपाटापासून दहा पावलांवर बसलेली आहेत. पाण्याच्या कूलरशेजारी एक मोकळा रॅक लावून त्यात निबंध, चरित्रं, महाराष्ट्राच्या पाण्यावर-शेतीवर लिहिलेली पुस्तकं ठेवायची, आणि नेलेल्याची नोंद तिथेच फोनवर घ्यायची. वाचक दारात येऊन बसलाय आणि आपण विचारतोय वाचतं कोण!

राहिला पगार. इथे पोस्टकर्त्यांशी माझं भांडण नाही. सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयाला 30 हजार सरकारी अनुदान होतं. 2022 साली 60 टक्के वाढीचा निर्णय झाला, म्हणजे 48 हजार. महिन्याला नव्हे, वर्षाला! त्यातच पुस्तकं, वीज आणि ग्रंथपालाचं मानधन. कॉलेजातल्या जागा निघायला वर्षं जातात, तोवर तासिका तत्त्वावर नाही तर एकत्रित पगारावर काढा. त्यामुळे निव्वळ गावच्या वाचनालयाच्या भरवशावर संसार मांडू नका, हे मीही सांगेन. कॉलेजातल्या नोकरीसाठीच्या सेट-नेट परीक्षांची तयारी ठेवा, कोहा आणि डिजिटल संग्रह ठेवायचं डीस्पेस हाताखालून घाला, जुने संग्रह स्कॅन करून देण्याची, याद्या युनिकोडमध्ये आणून देण्याची कामं बाहेरूनही घ्या.

पण 48 हजार हा आकडा ठरवला कोणी? ग्रंथपालाने नाही, मोबाइलने नाही, एआयने तर नाहीच. पोस्ट पुढे पाठवायचीच असेल तर बाकीचं कापून एवढा एक परिच्छेद आपापल्या आमदारांना पाठवा.